फोटोच्या कडेचं कोपर

एश्बॉर्न, २० ऑगस्ट २०२४

सौ. सगुणावन्संना प्रभाचा नमस्कार.

सगळ्यात आधी आली शमिका. हॉल दहाला उघडणार आणि ही नवालाच दाराशी उभी. साडीला इस्त्री नाही, पण दोन्ही हातांत झेंडूच्या कुंड्या. कुंड्या हो! इथे झेंडू पावशेरावर मिळत नाही, कुंडीत लावलेलाच विकत आणायचा. मग आम्ही दोघींनी पायरीवर बसून सगळी फुलं खुडली. त्या हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे आपला राखणदारच समजा, तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. त्याला वाटलं असेल, ह्या बायका विकत आणलेली झाडं बोडकी का करतायत. दुसरी आली अरुंधती, ती मंडळाची अध्यक्ष. आल्या आल्या म्हणाली, "आजी, तेलाचे दिवे लावायचे नाहीत हं, धूर झाला तर छतातली घंटा वाजते आणि बंब येतो." मग सेलवरचे दिवे लावले. देवाला चालतात का विचारलं, तर म्हणाली चालवून घ्यायचे.

तुम्ही म्हणाल, वहिनी कुठल्या हॉलमध्ये गेली होती. सांगते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला इथे ओरडायची सोय नाही, जरा आवाज चढला की शेजारी भिंत ठोकतो, म्हणून सगळं पत्रातच सांगायचं. इथे पुण्या-मुंबईच्या बायकांचं एक वीरवारसा महिला मंडळ आहे. पंचवीसेक जणी असतील. कुणी कंप्युटरच्या हापिसात, कुणाचा नवरा र्युसेल्सहाइमला मोटारीच्या कारखान्यात. आपल्या घराण्यात, आपल्या गावात कोण कोण लढाईत गेलं ते शोधून एका स्मरणवहीत लिहायचं, पोरांकडून सीमेवरच्या जवानांना पत्रं लिहून घ्यायची, असं त्यांचं काम. पोरं मराठी समजतात पण बोलतात जर्मन, म्हणून ती पत्रं लिहिताना आयांचा घाम निघतो. शिवाय इथे कुणी बाळंत झाली आणि तिच्या आईला यायला नाही मिळालं, तर मंडळ चाळीस दिवस डबा पोचवतं. मागच्या महिन्यात अळिवाचे लाडू मी वळून दिले. त्या दिवसापासून मी मंडळाची आजी झाले. ऋचा म्हणते, सासूबाई तुमचा टेरमिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यावा लागतो आता!

तर पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम ह्या रविवारी झाला, सुट्टी नसते ना इथे. प्रत्येकीने आपल्या घरातल्या शिपायाचा फोटो आणला. कुणाचे आजोबा, कुणाचा काका. अरुंधतीने मला आधीच विचारलं होतं, "आजी, साताऱ्याकडच्या तुम्ही, तुमच्याकडे कुणी नाही का?" मी म्हटलं, आहेत की, आमचे दाजी. एकाहत्तरच्या लढाईला गेलेले. मग काय वन्सं, चौथी शिकलेली मी, त्या सगळ्या शिकलेल्या बायका माझ्याभोवती गोल करून बसल्या आणि मी बोलतेय! दाजींनी लग्नात पाहुण्यांसमोर दांडपट्टा फिरवला होता ते सांगितलं, तुम्ही अजून त्यांच्या नावानं कुंकू लावता तेही सांगितलं. शमिका डोळे पुसत होती. मयुरेश मागे उभा होता, तो म्हणाला, आई, तू इतकं बोलतेस हे मला माहीतच नव्हतं.

हार सगळे मीच ओवले. फोटो अकरा होते. दाजींचा मधोमध ठेवला, फोटो कुठला म्हणाल तर होता एक माझ्या ट्रंकेत. नुसते दाजीच दिसतील असा शमिकाने कंप्युटरवर मोठा करून आणला.

अरुंधतीने तुमचा पत्ता घेतलाय. मंडळ तुम्हाला शाल आणि एक मानाचा कागद पाठवतंय. कागद मला वाचायला दिला होता, पण चष्मा घरी राहिलेला, मी नुसती मान हलवली. चांगलंच लिहिलं असेल. शाल थंडीत वापरा, पेटीत ठेवू नका.

तुमची,
प्रभावहिनी

~

निगुडवाडी, १२ सप्टेंबर २०२४

वहिनी,

शाल पोचली. ऊबदार आहे.

कागदही पोचला. त्यावर शिक्के फार होते म्हणून पोस्टमनने तो ग्रामपंचायतीत दिला. सरपंचांनी माणसं गोळा करून मोठ्यानं वाचला. मला ऐकू कमी येतं, पण ते आलं. "वीरपत्नी श्रीमती सगुणाबाई, ज्यांच्या पतीने देशासाठी प्राण वेचले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे सौ. म्हणून गेले होते.

आज गौरी उठल्या. काल हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाड्यावस्तीवरच्या बायका येतात. यंदा दोघी आल्या आणि दाराशीच थांबल्या. मला कुंकू लावायचं की नाही ते त्यांना कळेना. मीच करंडा उचलला, त्यांना लावलं, मग स्वतःला लावलं. त्या चहा न घेता गेल्या.

कागदाबरोबर तुमच्या कार्यक्रमाचा फोटो आहे. त्यात ह्यांच्या फोटोला हार आहे. हार तू ओवलास हे तुझ्याच पत्रात आहे.

पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही. भिंग लावून बघितलं. ह्यांच्या फोटोच्या डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर आलंय, दोन बांगड्यांसकट. बाकीची बाई कापलेली आहे. ते कोपर माझं आहे. साताऱ्याला स्टुडिओत आम्ही दोघांनी काढलेला फोटो तो. एकच प्रत होती. रजा संपवून जाताना ती त्यांनी छातीच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण मी लावलं.

मग तो तुझ्या ट्रंकेत कुठून आला?

सगुणा

~

एश्बॉर्न, २९ सप्टेंबर २०२४

सौ. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. कागदात असलं काही लिहिलंय हे मला ठाऊक नव्हतं, आईची शपथ. मी त्याच संध्याकाळी मयुरेशला घेऊन एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, अरुंधतीच्या घरी गेले. तिला म्हटलं, बाई गं, त्या सवाष्ण आहेत, त्यांना असं कसं लिहिलंस? ती रडायलाच लागली. म्हणाली, "आजी, तुम्हीच बोलताना म्हणालात ना, गेले म्हणून?" आता मी म्हटलं असेन लढाईला गेले. बोलण्याच्या भरात काय म्हटलं ते मला तरी कुठे आठवतंय. कार्यक्रमातले फोटो तिच्याच घरी मांडून ठेवलेत, त्यातला दाजींचा हार मी माझ्या हातानं काढला आणि तिच्या बाल्कनीतल्या कुंडीत घातला. बाकीच्या दहांचे राहू दिले.

फोटोचं म्हणाल तर फोटोवाल्याने दुसरी प्रत काढली असेल आणि ह्यांच्याकडे दिली असेल. ह्यांची सवय तुम्हाला माहीत आहे, वस्तू ठेवायचे आणि विसरायचे. मी घर बंद करताना ट्रंकेत कागदपत्रं भरली त्यात आला असणार.

इथे थंडी सुरू झाली. अन्वीला शाळेत बटाट्याची सुट्टी लागते म्हणे, पूर्वी पोरं बटाटे काढायला जायची म्हणून ते नाव पडलं, आता कुणी जात नाही, सुट्टी तेवढी राहिली. ती मला "ओमा आजी" म्हणते, म्हणजे आजी आजीच झालं! मी सांगितलं तर म्हणते "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर. ऋचाने तुमच्यासाठी गुडघ्याला चोळायचं मलम घेतलंय. माझ्या राहण्याचा कागद मयुरेशने लांबवून आणला, आता उन्हाळ्यापर्यंत काळजी नाही. तुम्ही बायकांचं मनावर घेऊ नका. त्यांना काय कळतंय.

तुमची,
प्रभावहिनी

~

निगुडवाडी, १४ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

दादा त्या दिवशी साताऱ्यात नव्हता. आणि बाहत्तर साली दुसरी प्रत मिळेल का म्हणून मी त्या फोटोवाल्याकडे गेले होते. ज्यावरून फोटो काढतात ती त्याची मूळ काच फुटली होती. तो म्हणाला, होती तेवढी एकच. तू माझ्याबरोबर होतीस. येताना तू मला रस पाजलास, मी ग्लास हातात धरून रडत होते.

तुझं बटाट्याचं वाचलं. चांगलं आहे.

आता खरं लिही. लिहायचं नसेल तर मलमही पाठवू नकोस.

सगुणा

~

एश्बॉर्न, ३० ऑक्टोबर २०२४

वन्सं,

आज दिवाळीचं घर आहे. ऋचा चकल्या तळतेय, मी बसले तशी उठून आत आले आणि दार लावून घेतलं. चार दिवस कागद घेते आणि ठेवते.

दुसरी प्रत नव्हती. तोच तो फोटो आहे.

त्र्याहत्तर सालच्या संक्रांतीच्या आधी एक माणूस आपल्याकडे आला होता. कराडकडचा होता, लंगडत होता. दाजींच्याच तुकडीतला. लढाईत त्याला धरून नेलं होतं, वर्षानं सोडलं. फोटो त्याने सगळा काळ पायाच्या पट्टीत लपवून ठेवला होता. फोटोमागे तुमच्या अक्षरात माहेरचा पत्ता होता. तुम्हीच लिहिला होतात, सासरी वाचणारं कुणी नाही म्हणून. त्यामुळे तो तुमच्याकडे न जाता आमच्याकडे आला.

ओसरीवर बसून त्याने ह्यांना सांगितलं. मी आत भाकरी थापत होते, मला सगळं ऐकू आलं. नदीच्या काठाला होते. नऊ डिसेंबर. दुपार होती. दाजींना पोटात लागलं. त्यांनी पाणी मागितलं, ह्या माणसाने स्वतःच्या बाटलीतलं पाजलं. मग खिशाचं बटण काढायला सांगितलं, त्यांच्याच्यानं निघत नव्हतं. फोटो त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, हिला दे. त्यानंतर फार वेळ नाही लागला. त्यांना तिथेच ठेवून तुकडीला मागं हटावं लागलं.

तो माणूस म्हणाला, बहिणीला मी स्वतः भेटतो. हे म्हणाले, नको. तेव्हा तुम्हाला विषमज्वर होता वन्सं, डोक्याचे केस काढले होते, डॉक्टर म्हणाले होते धक्का बसेल असं काही बोलू नका. हे म्हणाले, बरी झाली की मीच सांगेन. तुम्ही बऱ्या झालात आणि रथसप्तमीला आलात त्या हिरवा चुडा भरून. डोक्याला पदर घट्ट बांधलेला आणि हातभर बांगड्या. हे म्हणाले, आज नको. मग सणामागून सण आले. दाजी गेले असं धरल्याचा सरकारचा कागद आला तेव्हा तुम्ही म्हणालात, सरकारनं डोळ्यांनी बघितलंय का? ह्यांना वाटलं आता सांगू, आणि तुम्ही तो कागद घडी करून डब्याखाली घातलात.

पंच्याहत्तरला ते मास्तर तुम्हाला मागायला आले होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून म्हणालात, माझा नवरा आहे. मी आतून ह्यांना दोनदा हाक मारली. हे उठले नाहीत. मग मी तरी पुढं व्हायचं. मीही झाले नाही. मास्तर चहा पिऊन गेले, कप मी विसळला.

चार वर्षांपूर्वी हे जाताना म्हणाले, प्रभा, तू सांग. मी हो म्हटलं. तुमच्या घरी तीनदा आले सांगायला. दरवेळी तुम्ही मला कुंकू लावायचा करंडा पुढं करायच्यात, आणि हे गेल्यावर मला चालतं का विचारलं तर म्हणायच्यात, मी लावते ना, तूही लाव. त्यावर काय बोलणार होते मी?

फोटो घरात कुणाला सापडू नये म्हणून ट्रंकेत घालून इथवर आणला. आणि इथे काय केलं बघा. परक्या बायकांनी एकदा विचारलं, आणि पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तोंडातून बाहेर आलं. पाण्याचं, बटणाचं, सगळं. अरुंधतीनं मनानं काही लिहिलेलं नाही. मी तिला खोटं पाडलं. तुम्हाला सांगायची छाती नव्हती ते त्यांना सांगितलं, आणि खरं सांगते वन्सं, मला इतकं हलकं वाटलं की आनंदच झाला. पहिलं पत्र मी त्या आनंदात लिहिलं. तुमचं काय होईल हे मनात आलंच नाही.

माफी मागायला तोंड नाही.

प्रभा

~

निगुडवाडी, १५ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

पत्र भाऊबीजेनंतर आलं. दरवर्षी दादाच्या फोटोला ओवाळते तसं यंदाही ओवाळून झालं होतं. आधी आलं असतं तर ओवाळलं असतं का, मला सांगता येत नाही.

पत्र चार वेळा वाचलं. त्यांनी पाणी मागितलं आणि ते मिळालं, एवढं वाचून बरं वाटलं. येतील असंही वाटायचं आणि नसतील असंही वाटायचं. नसतील असं वाटलं की पहिल्यांदा पाणीच मनात यायचं. हे मला त्र्याहत्तर साली कळलं असतं तर पन्नास वर्षं तो एक घोर तरी गेला असता. मास्तरांचं तू लिहिलंस. त्यांना हो म्हटलं असतं की नाही ते माझं मी ठरवलं असतं. दादा खाली मान घालून का बसला होता ते आत्ता समजलं. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या बोलण्याचा त्याला अभिमान वाटतोय.

मंगळवारी तहसीलात गेले. रेशनकार्डावर त्यांचं नाव अजून होतं. दर वेळी नवीन कार्ड झालं की कारकून ते वगळायचा आणि मी भांडून परत घालायला लावायची. एका सरकारी कागदावर मेलेले, एका कागदावर जेवणारे. तिथल्या मुलीला सांगितलं, हे नाव कमी कर. तिनं विचारलं, कधी वारले? मी तारीख सांगितली. ती म्हणाली, आजी, इतक्या उशिरा? मी म्हटलं, मला निरोप उशिरा मिळाला.

घरी येऊन बांगड्या काढल्या. कुणी सांगितलं म्हणून नाही. कोपराला लागत होत्या. कुंकू लावतेय. सवय आहे, आणि आता कुणाला विचारायचं नाही.

त्या बाईला म्हणावं, कागदात चूक नव्हती. हार काढला असशील तर परत घाल. पण घालायच्या आधी मला विचारायचं होतं, वहिनी. दादानं विचारलं नाही, तू विचारलं नाहीस, आणि माझा नवरा तुम्ही दोघांनी परस्पर पुरला.

फोटो मला पाठव. अख्खा, माझ्यासकट. पोस्टानं नको, माणसाच्या हातानं. मलम पाठवायला हरकत नाही.

सगुणा

~

एश्बॉर्न, १ डिसेंबर २०२४

वन्संना प्रभाचा नमस्कार. वर काय लिहावं कळेना, म्हणून नुसतं वन्सं लिहिलं.

काल मंडळाच्या बायका घरी आल्या. मीच बोलावलं होतं. सगळ्यात आधी शमिकाच आली, ह्या वेळी हातात काही नव्हतं. मग अरुंधती, मग अपूर्वा. ऋचानं चहा ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं, हातचं काही न राखता. अरुंधतीला म्हटलं, तू ऐकलंस ते बरोबर होतं, मी तुला माझ्या पोरासमोर खोटं पाडलं. ती माझ्या पायाशी खाली बसली आणि म्हणाली, "आजी, चुकलं आमचंच. आम्ही सगळ्यांच्या नोंदी करतो, पण जिच्या माणसाची नोंद आहे तिला एकदा पत्र टाकून विचारलं नाही." आता वहीत नाव घालायच्या आधी घरच्या बाईचं पत्र यायला हवं असं त्यांनी ठरवलं. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. बांगड्यांपर्यंत वाचलं, पुढं ऋचानं वाचलं. माझ्या नावाचं ते वाक्यसुद्धा तिला गाळू दिलं नाही.

अन्वी दारात उभी होती. तिला किती कळलं देव जाणे. ती आत आली, टेबलावरचा अख्खा फोटो उचलला आणि तुमच्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही कोण?" मराठीत म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बाबाची आत्या. तिनं तुमच्या बांगड्या मोजल्या. एका हातात अकरा आहेत. मी इतकी वर्षं फोटो ठेवला, पण कधी मोजल्या नव्हत्या.

अपूर्वा चौदा तारखेच्या विमानानं पुण्याला येतेय. फोटो तिच्या हातानं पाठवते, रुमालात बांधून. निगुडवाडीपर्यंत स्वतः येऊन तुमच्या हातात देईन म्हणाली. मलमही आहे. तिला दोन घास वाढा, पोरगी लाजाळू आहे, मागायची नाही. माझ्यावरचा राग तिच्यावर काढायच्या नाहीत तुम्ही, माहीत आहे मला. उन्हाळ्यात मी येईन तेव्हा माझ्यावर काढा. दार उघडलंत तर.

हार अजून घातलेला नाही. तुम्ही घाल म्हणालात, पण त्यांची तारीख आता माहीत आहे, तर त्याच दिवशी घालावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. वर्षश्राद्धाला नाही की पितृपक्षात नाही, आजवर दाजींना कुणी पाणी दिलेलं नाही. ह्या थंडीत झेंडू कुंडीतही मिळत नाही, म्हणून मी लोकरीचा विणतेय, पिवळा. शमिका फुलाचा देठ करून देते. दिवा घरात तेलाचाच लावणार, खिडकी उघडी ठेवून. हे पत्र टपालानं मिळेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल, म्हणून मयुरेश ह्याचा फोटो आजच तुमच्या शेजारच्या पोराच्या मोबाइलवर पाठवतोय, आधीच विचारते. नको वाटलं तर त्याच पोराकडून मयुरेशला फोन करवा, मी थांबवीन.

निघताना अरुंधतीनं दारात चपला घालता घालता परत सांगितलं. नऊ डिसेंबर, सोमवार, दुपारी. हापिसातून रजा काढून सगळ्या येतो म्हणाल्या आहेत.

प्रभा